धुरपदाबाईचा खिळा

मुरुमकडच्या आमच्या गावात पेरणीआधी चाढं विहिरीवर नेऊन धुतात. चाढं म्हणजे तिफणीवरचं बी सोडायचं लाकडी भांडं. धुतलेलं पाणी हळदकुंकवासकट पुन्हा विहिरीत ओतायचं, म्हणजे पिकाला पाणी कमी पडत नाही. पिकाला पाणी दरसाल कमी पडलं, पण रीत एकदाही चुकली नाही.

लढाई चालू होती त्या साली जराअतवाल्यांनी, म्हणजे निजाम सरकारच्या शेतकी खात्यानं, ज्वारीच्या काणी रोगावर तांब्यापासून केलेलं निळं मोरचूद वाटलं. त्याच्या पाण्यात बी भिजवून पेरा, म्हणाले. गावानं भिजवलं. मग चाढ्याबरोबर बियाच्या टोपल्याही विहिरीवर धुतल्या आणि उरलेलं निळं पाणी भक्तीनं आत ओतलं. सरकारी औषध वाया कसं घालवायचं?

चार दिवसांत पाणी तुरट लागायला लागलं. दोघातिघांना ओकाऱ्या झाल्या. धुरपदाबाई तीस घरी पाणी भरायची आणि सुगीला घरटी मिळणाऱ्या ज्वारीवर वर्ष काढायची. बायका दारातूनच म्हणाल्या, "मावशी, तुमचं पाणी नको." तीस घरांतली चार उरली.

तिचा लोखंडी पोहरा लालसर पडला होता. तो तिनं कल्याणप्पा पाटलांना दाखवला.

पाटलांनी नखानं खरवडून पाहिलं. "धुरपदाबाई, ही विहीर लोखंडाचं तांबं करायली."

"आन् माणसाचं काय करायली, ते बी बगा की."

पण पाटील कोयता आणायला गेले होते. दुसऱ्या दिवशी विहिरीत सहा दोर लोंबत होते. कुणाचा फाळ, कुणाची कडी, एकाची तर बैलगाडीच्या चाकाची अख्खी लोखंडी धाव.

बाई चालत तहसिलीला गेली आणि कचेरीच्या पायरीवर बसून राहिली. तिला उठवायला म्हणून तहसीलदारांनी तीन खात्यांना तीन कागद लिहिले, आणि एका दुपारी तीन टोप्या एकाच छकड्यातून गावात उतरल्या.

"तुमच्या औषधानं पाणी खराब झालं," सफाईचे दरोगा जराअतवाल्याला म्हणाले.

"औषध बियाला दिलं होतं. विहिरीला कुणी पाजायला सांगितलं?"

तामीरातवाले, म्हणजे बांधकामाचे, विहिरीभोवती फिरून आले. "दगड शाबूत आहेत. आतल्या पाण्याशी आमचा वास्ता नाही."

तिघं तीन झाडांखाली बसून आपापली कैफियत लिहू लागले. धुरपदाबाईनं विहिरीतून तांब्या भरला आणि तीन फुलपात्रं मांडली.

"उन्हातून आलात सायब. आदी पानी प्या. मंग लिवा, पानी कुनाचं हाय ते."

तिघांनी फुलपात्रांकडं पाहिलं. हात कुणाचाच पुढं आला नाही. तीन खात्यांचं पहिलं एकमत ते.

जराअतवाला घसा खाकरून म्हणाला, "चुना टाकला तर मोरचूद तळाशी बसतं."

"चुना आमच्या गोदामात आहे," दरोगा म्हणाले.

मग तामीरातवाले म्हणाले, "उपसायला मोटा देऊ. पण कागदावर नाव तिघांचं."

चुना पडला आणि तीन दिवस मोटा चालल्या. तळाचा गाळही काढून पार लांब माळावर पुरला. पाटलांनी कोयता दगडावर घासला, तर खालून जुनंच लोखंड निघालं. ते त्या दिवशी जेवले नाहीत म्हणतात.

विहिरीला नवं पाणी आलं. आता ते चांगलं म्हणायचं कुणी? दरोगा जराअतवाल्याला म्हणाले, "पहले आप." जराअतवाला तेच तामीरातवाल्यांना म्हणाला. तामीरातवाले ढगांकडं बघत राहिले.

धुरपदाबाईनं सुतळी ओढली. त्या सकाळीच तिनं घासूनपुसून एक खिळा पाण्यात सोडून ठेवला होता. वर आला तो लोखंडाच्याच रंगाचा.

"तांबडा न्हाय पडला. आता प्या."

तिघं एकदम प्याले, म्हणजे कुणी पहिला नको. बघणाऱ्या बायकांनी तिथंच घागरी पुढं केल्या. संध्याकाळपर्यंत तिची घरं पुन्हा तीसच्या तीस झाली.

दरोगांना खिळा पुरावा म्हणून कागदाला जोडायचा होता.

"माझ्या चौकटीचा हाय त्यो. दार लोंबतंय घरी."

शेवटी त्यांनी खिळा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, आणि त्या चित्रावर तीन शिक्के बसले.

चाढं अजून विहिरीवरच धुतात, पण पाणी शेतात नेऊन ओततात. दर मृगाला धुरपदाबाई सुतळीला खिळा बांधून काठावर उभी असते. पाटीलही न चुकता येतात.

"खिळा लाल झाला का व्हय?"

त्या विचारण्यात काळजी किती आणि आशा किती, ते माझं अजून ठरलेलं नाही.