भोकं नसलेली बटणं

शिंप्याच्या घरात बटण शोधायला वेळ लागू नये; पण त्या रविवारी मुलाला तो लागला. प्रयोगशाळेत घालायच्या पांढऱ्या कोटाचं मधलं बटण तुटलं होतं. वडील गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले होते, म्हणून त्याने मशीनच्या खणातला बटणांचा पत्र्याचा डबा स्वतःच उघडला. पांढऱ्या बटणांच्या कप्प्यात चाचपडताना बोटाला एक बटण लागलं: गोल, गुळगुळीत, भोकं नसलेलं. मग दुसरं. मग आणखी कितीतरी.

त्या गोळ्या होत्या. गेल्या वर्षी वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला, तेव्हापासून जेवणानंतर तो आपल्या हाताने त्यांच्या तळव्यावर ठेवत आला होता, त्याच. वडील हात तोंडाशी नेत, पाण्याचा घोट घेत आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसत. लपवायची वस्तू तिच्यासारख्या वस्तूंत ठेवावी, हे आयुष्यभर कापडं हाताळणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

डबा त्याने होता तसा ठेवला. रागावणं त्याला जमत नसे. त्याचे शब्द ओठांपर्यंत येत आणि दारात चपला शोधणाऱ्या पाहुण्यांसारखे तिथेच घोटाळत राहत. वडील त्याला ‘मुनिवर’ म्हणत. आई गेल्यापासून त्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा मशीनच अधिक बोलत असे.

वडील परतले, तेव्हा तो म्हणाला, “बाबा, माझ्या कामाच्या ठिकाणी येता? प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारून ठेवलंय. एक गोष्ट दाखवायचीय.”

“मुनिवर एका दमात तीन वाक्यं बोलले,” वडील म्हणाले. “म्हणजे यायलाच हवं.”

आपल्या कामाबद्दल ‘काप काढतो’ यापलीकडे त्याने घरी कधी काही सांगितलं नव्हतं. रक्तवाहिनीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्राच्या पात्याने केसाहून पातळ काप काढायचा, तो कोमट पाण्यावर तरंगत सोडायचा आणि श्वास रोखून काचपट्टीवर अलगद उचलायचा. सुट्टीच्या दिवशीच्या त्या रिकाम्या, स्वच्छ खोलीत हे सगळं ऐकून वडील म्हणाले, “म्हणजे धंदा माझाच. फक्त तू शिवत नाहीस.”

त्याने रंगवलेली एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. वडील चष्मा काढून वाकले.

“गुलाबी कापड आहे. मधे मोठं भोक.”

“हृदयाची रक्तवाहिनी आहे ती. आडवी कापलेली.”

“कुणाची?”

“नाव नसतं, बाबा. नंबर असतो.”

“आम्ही शर्टाच्या मापालासुद्धा नाव लिहितो,” वडील हळहळले.

“भोकाच्या एका बाजूला फेस साचल्यासारखा दिसतोय ना? त्या पेशी आहेत. शरीराच्या राखणदार. वाहिनीच्या भिंतीत चरबी शिरली, की ती साफ करायला त्या रक्तातून आत येतात. खातात, खातात आणि फुगतात. मग बाहेर पडणं होत नाही. तिथेच मरतात. त्यांचं निस्तरायला आणखी येतात. आत सूज धुमसत राहते.”

“पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला.”

“तसंच.”

“बिचाऱ्या,” भिंगावरचा डोळा न काढता वडील म्हणाले. “कुणाचं वाईट करायला आल्या नव्हत्या.”

आता गोळ्यांचं बोलावं, असं त्याला वाटलं. पण शब्द पुन्हा दारातच अडले. इतक्यात, काचपट्टी सरकवायचं त्याने दाखवलेलं चाक फिरवता फिरवता वडील थांबले.

“इथं पापुद्रा विरलाय.”

“कुठे?”

“फेसाच्या वरचा. मधे जाड आहे, पण काठाला, जिथं मूळ कापडाला जोडलाय, तिथं आरपार दिसतंय. फाटला तर इथंच फाटणार. ठिगळ फाटत नाही रे, त्याच्या कडेचं कापड फाटतं.”

मुलगा त्यांच्याकडे पाहत राहिला. हेच ओळखायला त्याला कित्येक महिने लागले होते.

“तिथंच त्या पेशींची गर्दी होते,” तो म्हणाला. “धागे विरघळवतात त्या. याच्या पुढच्या कापात फाटलेलं आहे, बाबा. त्यावर रक्त गोठलं, आणि वाट बंद झाली.”

“आधी दुखलं असेल की त्याला.”

“नसेलही. ही सूज आवाज करत नाही.” तो पुढे म्हणाला, “तुमची गोळी चरबी उतरवते. ही सूजही.”

वडील सावकाश सरळ झाले. त्यांची नजर मुलाच्या कोटावर, बटणाच्या रिकाम्या जागी गेली.

“डबा उघडलास तर.”

“बटण हवं होतं.”

वडील हात चोळत म्हणाले, “गोळीने दंड दुखतात. बोटं भरून येतात. सुईत दोरा ओवायला दहा खेपा कराव्या लागतात. शिंप्याचा हात गेला तर उरतं काय?”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू इतक्या मायेने हातावर ठेवायचास, की नको म्हणवेना. आणि तू तरी कधी काही सांगतोस? खाण तशी माती.”

“दुखण्याचं कारण तपासता येतं. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. पण डॉक्टरांना कळायला तर हवं. आपल्या मनाने बंद केली, तर...” त्याने फक्त सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं. वडिलांनीही पाहिलं.

“उद्या जाऊ,” ते म्हणाले. “पण बोलायचं तू. डॉक्टरांपुढे माझा घसा कोरडा पडतो.”

“मी?”

“आज बोललास की. काही वाकडं झालं का?”

त्यांनी खिशातून एक पांढरं बटण काढलं, उजेडाकडे धरलं, चारही भोकं नीट पाहून घेतली आणि मुलाला दाखवली. तो हसला. कॉलरखाली टोचलेली सुई त्यांनी उपसली, तिला गुंडाळलेल्या दोऱ्याचं टोक ओलं केलं. मग न ओवताच दोन्ही त्याच्यापुढे धरली.

“ओव.”

त्याने पहिल्याच खेपेला दोरा ओवला. वडील त्याच्या छातीशी वाकून, कोट अंगावर असतानाच बटण लावू लागले. एकेक टाका सावकाश पडत होता. त्यांचं पांढरं डोकं त्याच्या हृदयापाशी होतं, आणि पाण्यावरचा काप उचलताना तो जसा उभा राहत असे, तसाच, श्वास रोखून, मुलगा उभा होता.