हरणामागे धावणारा दोरा

तुम्ही मला पाहिलंत तर शिलाई मशीनच्या बॉबिनची थोरली बहीण समजाल. मुठीत मावेल एवढी काळी डबी, पुढे छोटं तोंड आणि पोटात अडीच हजार फूट पांढरा दोरा. पण मी कधी कापड शिवलं नाही. मला धनुष्यावर बसवतात आणि माझ्या दोऱ्याचं टोक बाणाला बांधतात. बाण लागला की हरीण पळतं, दोरा सुर्रकन सुटत जातो आणि शिकारी दोरा धरून मागे जातो. एवढंच माझं शिक्षण.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, एका दुकानात, मासेमारीचे गळ आणि लोकरी मोजे यांच्यामध्ये मी कितीतरी दिवस बसून होते. १९८३ च्या सप्टेंबरात इर्या नीमी या बाईंनी मला उचललं.

"नवऱ्यासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"हो. गेल्या वर्षापासून त्याने धनुष्याला हात लावलेला नाही."

कारण मला घरी गेल्यावर कळलं. तिच्या नवऱ्याने, डेलमारने, गेल्या शरदात एका नर हरणाला बाण मारला होता आणि ते त्याला वेळेत सापडलंच नाही. तिसऱ्या दिवशी डोमकावळे घिरट्या घालू लागले तेव्हा कुठे पत्ता लागला. मांस वाया गेलं होतं.

डेलमारला लाल रंग कळत नव्हता. मेपलची पानं, माती आणि रक्त त्याला एकाच रंगाची दिसत. हे फक्त इर्याला ठाऊक होतं.

"दोरा पांढरा आहे," मला त्याच्यापुढे ठेवत ती म्हणाली. "तो तर दिसेल ना?"

त्याने मला बराच वेळ हातात फिरवलं. "एकदाच," तो म्हणाला. "या वेळीही जनावर हरवलं, तर धनुष्य शेगडीत घालीन."

इर्याच्या भावाने, क्लेटनने, मला धनुष्यावर पाहिलं आणि तो अंगणातच खाली बसून हसला.

"काय रे, पतंग उडवायला निघालास?"

"वारा बरा आहे," डेलमार म्हणाला.

"आणि मांजा संपला की? हरणाला थांबायला सांगशील?"

मला राग आला, पण तोंडातून दोऱ्याशिवाय काही निघत नाही, त्यामुळे गप्प बसले. शिवाय माझ्यात एक खोड आहेच. लांबचा नेम धरला तर दोऱ्याच्या ओढीने बाण खाली झुकतो. म्हणून डेलमारने महिनाभर गवताच्या गठ्ठ्यावर जवळूनच सराव केला.

ऑक्टोबरातली ती सकाळ ढगाळ होती. झाडावरच्या मचाणाखाली, पंधरा पावलांवर, एक नर आला. बाण सुटला आणि माझ्या पोटात असल्या गुदगुल्या झाल्या की काय सांगू! दोरा पळत राहिला, पळत राहिला, आणि एकदम थांबला.

आता अर्धा तास हलायचं नाही. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर आणखी दूर पळतं. डेलमारने थर्मासमधली कॉफी ओतली, निम्मी गुडघ्यावर सांडली. विसाव्या मिनिटाला त्याच्या टोपीवर पावसाचा थेंब पडला. पाऊस म्हणजे रक्ताचा माग धुऊन जाणार.

पलीकडच्या मचाणावरून क्लेटनही आला. दोघे नेच्यांमधून, चिखलातून दोऱ्यामागे चालले. "चालतोय की तुझा मांजा," क्लेटन पुटपुटला. तेवढ्यात माझा दोरा देवदाराच्या एका खुंटाशी तुटून पडलेला दिसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हरकत नाही, रक्त आहे," क्लेटन म्हणाला. "ज्याचा बाण तो पुढे. चल."

डेलमार हलला नाही. पाऊस पानांवर टपटपू लागला होता.

"मला दिसत नाही."

"अरे, तुझ्या बुटाजवळ तर आहे!"

"तसं नव्हे, क्लेटन. मला लाल रंग दिसतच नाही. लहानपणापासून."

क्लेटन मागे वळला. "म्हणजे गेल्या वर्षी माग काढत मला त्या टेकडीवर नेलंस, ते?"

"अंदाजाने."

"गाढवा! एक शब्द बोलला असतास तर?"

"तू हसला असतास."

"हसलोच असतो! आणि हसून झाल्यावर शोधलं असतं ना!"

मग क्लेटन कंबरेत वाकून पुढे निघाला. जिथे तो बोट दाखवी, तिथे डेलमार फांदीवर कागदाचा कपटा अडकवी, म्हणजे दिशा चुकायला नको. सात कपटे झाले. आठवा थेंब पावसाने पुसला होता. क्लेटन गोल गोल फिरू लागला.

"तो बघ," डेलमार एकदम म्हणाला.

"कुठे?"

"पडलेल्या झाडामागे. कान."

क्लेटन दोनदा तिथूनच गेला होता. त्याचे डोळे लाल-पिवळ्या पानांच्या गर्दीत गुंतले होते. डेलमारला रंगांची गर्दी नव्हतीच, त्याला नुसता आकार दिसला. जवळ जाऊन डेलमारने टोपी काढली आणि त्या नराच्या मानेवर हात ठेवला. क्लेटनने त्याला घाई केली नाही.

त्यानंतर मी तीनच हंगाम धनुष्यावर होते. नवे बाण हलके आणि वेगवान आले, त्यांना माझी ओढ सोसत नाही. आता मी ड्रॉवरमध्ये असते. इर्या माझा दोरा वालाच्या वेलांना बांधते आणि मला त्याचंही वाईट वाटत नाही.

माझ्यासारखी डबी कुठे जुन्या सामानात सापडली तर फेकू नका, जरूर घरी न्या. फक्त तिच्यावर सगळा भार टाकू नका, दोरा तुटतो. डेलमार आता बाण सोडून अर्धा तास झाला की मचाणावरून सगळ्या रानाला ऐकू जाईल असा ओरडतो, "क्लेटन, ये रे! मला काही दिसत नाहीये!"