डिकीतली पेटी

"अहो, भाऊजी विचारतायत, पेटीत कुठे फट राहिली नाही ना, ते बघितलंत का?"

थोरला डिकीत कमरेपर्यंत वाकलेला होता. भाऊजी, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. पण गेली कित्येक वर्षं दोघांमधलं दळणवळण थोरल्याच्या बायकोमार्फतच चाले. एक वर राही, एक खाली. भांडण कशावरून झालं ते आता कुणालाच नीट आठवत नसे. पण तपशील विसरला म्हणून कुणी तत्त्व सोडत नाही.

"त्याला सांग, मेणबत्ती फिरवून पाहिली. ज्योत फक्त पाइपाच्या तोंडाशी हलते. तिथे हलायलाच हवी."

"ऐकलंत का भाऊजी?"

"ऐकलं वहिनी. मी काही बहिरा नाही."

यावर तिघंही गप्प झाले, कारण बहिरे मागच्या सीटवर बसले होते.

बाबांनी उभा जन्म बँडमध्ये मोठा ढोल वाजवला. पुढे सनई-तुताऱ्यांना टाळ्या, मागे यांच्या पोटावर ओझं. आता डॉक्टर म्हणाले होते, बारीक आवाज गेलेच. जाड आवाज थोडे शिल्लक आहेत, तेही फार दिवस टिकायचे नाहीत. तेव्हा, जे काही ऐकवायचं ते आत्ताच, यावर दोन्ही मुलांचं एकमत झालं. अर्थात वहिनीमार्फत.

धाकटा लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं करी. त्याने स्पीकरसाठी प्लायवूडची पेटी ठोकली, हवा खेळायला पाइप बसवला. थोरला वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात होता, मापं त्याची. जाड आवाजाचे दोन स्पीकर, म्हणजे सबवूफर, एकेकाने एकेक जोडला, तेही वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे समोरासमोर यायला नको. काम सुबक झालं होतं. फक्त ढोल वाजत नव्हता. गाणारी बाई गाडीच्या दारांतल्या स्पीकरमधून ठणठणीत ओरडे, आणि ढोलाच्या जागी पेटी नुसती उसासे टाकी.

पाइप कापून झाला. कडा पुन्हा चिकटवून झाल्या. शेवटी थोरल्याने घड्याळातला सेल काढला आणि आपण जोडलेल्या सबवूफरच्या वायरींना टेकवला. पडदा किंचित बाहेर आला. सेल तसाच धरून दुसऱ्याला लावला. पडदा आत गेला.

"एक हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय," थोरला बायकोला म्हणाला. "बेरीज शून्य. त्याला विचार, पांढऱ्या रेघेची वायर त्याने कुठे लावली?"

"लाल खुणेला. सगळं जग तिथेच लावतं, वहिनी."

"आमच्या खात्यात काळ्या खुणेला लावतात म्हणावं."

दोघंही बरोबर होते, हीच तर अडचण होती. चुकणारा असता तर सुधारला असता. एकाने आपल्या वायरी उलट करायच्या, एवढंच काम. पण पेटी बंद झाली आणि दोघं आपापल्या मजल्यावर गेले.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर थोरला चपला हातात घेऊन खाली उतरला. बाबांपुढे कसलं खातं आणि कसली लाल खूण, असं त्याला जेवताना वाटून गेलं होतं. त्याने आपला स्पीकर सोडवला, वायरी उलट केल्या, स्क्रू घट्ट केले. बायकोलाही सांगितलं नाही. माघारीचा बोभाटा कशाला?

संध्याकाळी बाबांना गाडीत बसवलं. गाणं लावलं. पेटीने उसासा टाकला.

थोरल्याने पुन्हा सेल लावला. आपला पडदा आता आत गेला. धाकट्याचा बाहेर आला. त्याने सेल खाली ठेवला. मग थेट धाकट्याकडे वळला.

"तू कधी बदललास?"

बायको सवयीने निरोप पोचवायला वळली आणि तशीच थांबली.

"जेवायच्या आधी," धाकटा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "तू रे, दादा?"

"जेवल्यावर."

"मग आता मी परत उलट करतो."

"तू नको. मी करतो."

"माझी चूक नसतानाही मीच आधी बदललं, आता—" धाकटा म्हणू लागला.

"एकाने करा!" बायको ओरडली. "कुणीही! पण एकानेच!"

धाकट्याने स्क्रूड्रायव्हर पुढे केला. थोरल्याने तो घेतला. धाकट्याने उजेड धरला.

या वेळी ढोल आला. डिकीचं झाकण थरथरलं, नंबरप्लेट वाजली. बाबा दचकले. त्यांनी तळवा सीटवर सपाट टेकवला आणि डोळे मिटले. दोन्ही मुलं दोन्ही दारांतून आत डोकावली.

"बाबा," धाकटा त्यांच्या कानाशी ओरडला, "येतोय का ऐकू?"

बाबांनी आणखी थोडं ऐकलं.

"वाजवणारा घाई करतोय," ते म्हणाले.

मग त्यांचा हात सीटवर पडू लागला, सावकाश, त्या ढोलाच्या जरा मागून. गाणं संपलं तरी हात चालूच होता. कुणी दुसरं गाणं लावलं नाही.