बारीक रॉडचे अडीच वेढे

मी एक जुना रॉड आहे, मित्रांनो. केस कुरळे करण्याचा. गुलाबी, बोटाएवढा लांब, पेन्सिलीहून बारीक. माझ्यावर केस गुंडाळून रबराने अडकवायचे, औषध लावून थांबायचे आणि सोडायचे. की झाले घट्ट, बारीक कुरळे केस! एके काळी माझा फार मान होता. मग सैल लाटांची हौस आली. त्या लाटा अंगठ्याएवढ्या जाड रॉडने येतात. मी डब्याच्या तळाशी गेलो. माझे रबर वाळून कडक झाले.

एके दुपारी आमच्या पार्लरमध्ये एक आजी आल्या. डोक्याला रुमाल. मोठ्या दुखण्यात त्यांचे कुरळे केस गेले होते. नवे आले ते सरळ, मऊ, जेमतेम बोटभर. ते कुरळे करायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

"नात जवळ येत नाही हो," त्या म्हणाल्या. "माझ्या केसांत बोट घालून झोपायची. आता म्हणते, ही माझी आजी नाहीच."

पार्लरच्या मालकीणबाईंच्या सुनेने जाड रॉड उचलले. "आई, नाजूक केसांना जाडच बरे."

"अगं, वेढा तरी बसतोय का बघ! अडीच वेढे नाहीत, तर केस वळणार कुठून? हातरुमाल पांघरून थंडी जाते होय?"

मालकीणबाईंनी डबा उपडा केला. मी हाती लागलो.

"हे रबर केस कापेल. नवं लाव. आणि आधी मागची एकच बट. ती तुटली, तर आजींना हात जोडून नाही म्हणायचं."

सुनेने मला धुतले, पुसले. बट गुंडाळताना तिने जरा ताण दिला.

"ओढू नकोस! झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढतेस ना, तसं हळू गुंडाळ."

औषध लागले. आजींनी डोळे मिटून देवाचे नाव घेतले. मीही घेतले, माझे कोण ऐकणार, पण घेतले. मला सोडले तेव्हा बट शाबूत होती, आणि गोल! मग माझी सगळी भावंडे कामाला लागली.

संध्याकाळी वडिलांचा हात धरून नात दारात आली. तिने आजींच्या डोक्याकडे पाहिले. मग पुढे होऊन तिने एका कुरळ्या बटेत बोट घातले.

"आजी, तू कुठे गेली होतीस गं?"

मित्रांनो, जाड रॉड वाईट नाहीत. देवाने ज्याला जे काम दिले, ते त्याच्याच हातून होते. म्हणून तळाशी पडलेल्यालाही अधूनमधून धुवा, पुसा, त्याचे रबर बदला. कोण जाणे, कोणाची आजी परत आणायची असेल.