तोंड धुण्याची गोळी

नळी थंड असताना रायफलीची पहिली गोळी जरा वाकडी जाते, हे बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना चाळीस वर्षं ठाऊक होतं. म्हणून तर ते ती मोजत नसत. "तोंड धुण्याची गोळी आहे ती," ते म्हणत, आणि चाचणीच्या कार्डावरच्या पहिल्या भोकावर कागदाचा चौकोनी तुकडा डकवून टाकत. पुढच्या पाच गोळ्या एका नाण्याखाली मावतील अशा बसल्या की स्वारी खूश. तुकड्याखाली काय आहे, असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही. त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. नावाजलेल्या कारागिराला तेवढी फुरसत कुठली?

जावई वनखात्यात नेमबाज. गेल्या हिवाळ्यात माणसांवर धावून जाणारं एक रानडुक्कर मारायला त्याला पाठवलं. रायफल सासऱ्यांकडूनच तपासून आलेली. पहाटेच्या गारठ्यात शंभर पावलांवरून त्याने गोळी झाडली. ती काळजात लागायची, ती पोटात लागली. जखमी जनावर उसळून थेट त्याच्या जोडीदाराच्या अंगावर गेलं, आणि जोडीदार दवाखाना गाठायच्या आतच गेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, रायफलीत काही दोष होता का? मिस्त्रींनी कार्ड पुढे सरकवलं. "रायफल चोख आहे. हात थरथरला असेल."

झालं. ते एक वाक्य गावभर झालं. जावयाची रायफल काढून घेतली आणि त्याला रोपांना पाणी घालायला बसवलं. लेक तेवढी एकदा येऊन म्हणाली, "बाबा, हे म्हणतात, हात हलला नव्हता. तुम्ही एकदा बघा तरी." मिस्त्रींना ते झोंबलं. चाळीस वर्षांच्या कामावर पोटची पोर शंका घेते म्हणजे काय? ते नाही नाही ते बोलून गेले. लेकीने येणं सोडलं.

सात महिन्यांनी तीच रायफल पुन्हा तपासणीला आली. खरं सांगायचं तर जावयाला कायमचं खोटं पाडायलाच मिस्त्रींनी ती हातात घेतली. नळी साफ करून तेलाचा हात फिरवला, रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी एकच गोळी झाडली. चार बोटं उजवीकडे.

"चुकून गेली असेल," ते स्वतःशीच पुटपुटले. पण एका गोळीत नळी तापली, तिच्यातलं तेल जळलं. आता पुन्हा बघायचं, तर सगळं पहिल्यापासून करून दुसऱ्या सकाळची वाट बघणं आलं. दुसऱ्या सकाळीही चार बोटं. तिसऱ्याही. अकरा सकाळी अकरा गोळ्या एकाच कार्डावर झाडल्या, आणि अकराही भोकं उजवीकडे एकमेकांना खेटून बसली. वाकडी खरी, पण रोज तेवढीच वाकडी. चार बोटं डावीकडे धर, एवढंच कुणी जावयाला सांगायला हवं होतं. आपण नाण्याखाली मावणाऱ्या पाच गोळ्या मिरवत बसलो, आणि रानात माणसाच्या वाट्याला पहिलीच येते, हे मिस्त्रींना आता कळलं. त्यांना स्वतःची किळस आली.

कपाटातून त्यांनी चौकशीनंतर परत मिळालेलं जुनं कार्ड काढलं. डकवलेल्या तुकड्यावर ओला अंगठा घासला, तसा कागद गोळा होऊन निघाला. खाली भोक होतं. मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी बोटं लावून मोजलं.

लेकीने दार उघडलं. या म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. जावई टेबलाशी बसला होता. मिस्त्रींनी दोन्ही कार्डं त्याच्यापुढे ठेवली. वाटेत घोकलेलं सगळं विसरायला झालं होतं.

"तुमचा हात थरथरला नव्हता," ते म्हणाले. "भोक मी झाकलं होतं. उद्या साहेबांपुढे जाऊन हेच सांगणार आहे."

जावयाने अकरा भोकांचं कार्ड उचललं. कार्ड फडफडायला लागलं. खिडकी तर बंद होती. त्याने ते घाईने खाली ठेवलं आणि दुसऱ्या हाताने आपलं मनगट दाबून धरलं.

"तेव्हा नव्हता थरथरत, मामा," तो म्हणाला.

लेकीने पाण्याचा पेला आणून नवऱ्यापुढे ठेवला. तो अर्धाच भरलेला होता. या घरात आता पेला अर्धाच भरत.