उलटा घोडा

कॉलेजच्या फुटबॉल संघाचा झेंडा मी शिवला, त्याला बावीस वर्षं झाली. मैदानावर मात्र सगळ्यांना एवढंच ठाऊक की झेंडा आमच्या यांनी केला. हे चाहते मंडळाचे सेक्रेटरी. माझ्या शिलाई मशीनचा यांनी उपयोग केला तो फक्त चहाचा कप ठेवायला.

आता मंडळाला नवं बोधचिन्ह आणि नवा झेंडा हवा होता. जुना झेंडा जिमखान्यात काचेच्या पेटीत लावायचा आणि खाली तो करणाऱ्याच्या नावाची पट्टी, असं ठरलं होतं. बैठकीच्या दिवशी सकाळीच मी विषय काढला. "अहो, आज तरी सांगा, मी शिवलाय म्हणून."

"सांगतो गं. योग्य वेळी सांगतो," म्हणत हे मोजे शोधायला लागले.

जिमखान्यात वीसेक माणसं जमली होती. निम्म्यांना झेंड्यावर जुना घोडा नको, वाघ हवा होता. एक म्हातारा गोलकीपर म्हणाला, "आधी दोन गोल करा, मग वाघ लावा." निळा गडद की फिका, यावरून तर दोन पोक्त माणसं एकमेकांच्या बापापर्यंत पोचली. मी मागच्या खुर्चीत, इस्त्रीचे कपडे घालून, पट्टीची वाट बघत बसले होते.

तेवढ्यात चित्रकला शिकणारी एक मुलगी उठली. तिनं जुना झेंडा काठीसकट उचलला आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली.

"बघितलंत? काठी पुढे, कापड मागे, आणि घोड्याचं तोंडही मागेच. बावीस वर्षं आपला घोडा मैदान सोडून पळतोय."

"तरीच आपण हरतो!" कुणीतरी ओरडलं. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

कागदावर मी घोड्याचं तोंड काठीकडेच काढलं होतं. यांनीच कागद उलटा करून, मागून घोडा गिरवून माझ्या हातात दिला होता. "असा ऐटदार दिसतो. तू शिव, डोकं नको चालवूस." मी शिवला. दोन्ही बाजूंनी, एकेक टाका मोजून.

"कुणाची ही करामत?" गोलकीपरनं डोळे पुसत विचारलं. सगळ्या माना यांच्याकडे वळल्या.

यांची योग्य वेळ आली होती. हे उभे राहिले, घसा साफ केला. "खरं सांगायचं तर शिवला आमच्या हिनं. चूक तेव्हाच लक्षात आली होती माझ्या. पण एवढ्या हौसेनं केलेलं, म्हटलं कशाला मन मोडा."

"वहिनी, होतं असं कधी कधी," शेजारचा हळूच म्हणाला. हसण्यापेक्षा ती कीव जास्त झोंबली.

मुलीनं वही उघडली. "मग पट्टीवर काय नाव घालू?"

यांनी माझं नाव सांगितलं. पूर्ण, सावकाश, तिचं लिहून होईपर्यंत थांबत. बावीस वर्षांत त्या हॉलमध्ये ते पहिल्यांदाच कुणी उच्चारलं.

मी उठले. "त्याखाली यांचंही घाला. घोडा यांनी फिरवलाय."

हॉल पुन्हा हसला. वहिनी भलत्याच विनोदी निघाल्या म्हणे. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते हे.