पत्रिकेतली जागा

बीबी गावात फकीर मोहम्मदचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान बापाचं, पण कॉम्प्युटरवर हुकूम लेकीचा, अदीबाचा. अक्षरांना कमान देणं, मागे सावली पाडणं, आत सोनेरी रंग भरणं हा तिच्या हातचा मळ.

शालूबाई आपल्या वंदनाची लग्नपत्रिका बघायला दुकानात आली, तेव्हा पडद्यावरच्या कमानीत तिच्या दिराचं, रंगरावांचं नाव झळकत होतं. मजकूर त्यांनीच आणून दिला होता. खाली चुलते, मामे, व्याही सगळे हारीने बसले होते. तळाशी ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारा रंगरावांचा सहा महिन्यांचा नातूसुद्धा होता. त्याला अजून ‘आई’ म्हणता येत नव्हतं.

शालूबाईने पत्रिका दोनदा वाचली. तिचं नाव कुठेच नव्हतं.

विधवेचं नाव शुभकार्यात नको, हे कारण सगळ्यांना ठाऊक असतं आणि बोलत कोणी नाही. शेजारच्या बाकावर बसलेले रंगरावही बोलले नाहीत. जागाच उरली नाही, एवढंच म्हणाले.

चौदा वर्षं ब्लाऊज शिवून पोरीला नर्स केलं, तेव्हा या मंडळींपैकी कोणी जागा धरायला आलं नव्हतं. शालूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अदीबा, माहं नाव टाक. भाऊजीच्या खाली, तेवढंच मोठं.”

अदीबाने बापाकडे पाहिलं. बाप झेरॉक्स मशीन पुसू लागला. मग तिने नाव टाइप केलं, त्याला कमान दिली, सोनेरी रंग भरला. रेशनकार्डाबाहेर शालूबाईने आपलं नाव कधी पाहिलं नव्हतं. ते इतकं देखणं असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

रंगराव उठून उभे राहिले. “वहिनी, तुमचं नाव राहीन त माहं काढा. मंग कन्यादानालेही मी येनार नाही.”

कन्यादानाला चुलताच नसला, तर व्याह्यांना काय सांगायचं? वरपक्ष मेहकरचा, मानपानाला कडक. पण पडद्यावरचं नाव तिला आता पुसवेना.

“कन्यादान मी करीन,” ती म्हणाली आणि अदीबाकडे वळली. “काढ त्यायचं नाव.”

अदीबाने काढलं. कमान रिकामी झाली.

“झाली ना आता जागा? माहं तिथं ने. अन् अजून मोठं कर.”